एकसष्टाव्या वर्षी काँट्रॅक्ट रिन्यू नाही म्हणून पत्र आलंय, युनिव्हर्सिटीशी भांडण्यात अर्थ आहे का?

रसायनवाली:

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, लिहायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या. मी मूळची सांगलीची, न्यू जर्सीत एका स्टेट युनिव्हर्सिटीत ऑरगॅनिक केमिस्ट्री शिकवते. टेन्युअर (म्हणजे कायमची नोकरी) वगैरे काही नाही, लेक्चरर, दरवर्षी एक वर्षाचं काँट्रॅक्ट, आणि असं करत करत सतरा वर्षं झाली. वय ६१. सतरा वर्षांत एकदाही रिन्युअलबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता, मे महिन्यात सही करायची आणि सुट्टीला सांगलीला जायचं हा शिरस्ता.

दोन वर्षांपूर्वी नवीन चेअर (विभागप्रमुख) आले, चाळीस-बेचाळीसचे असतील. माणूस हसतमुख आहे पण बोलणं असं की मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर "डिपार्टमेंटचा चेहरा जरा तरुण करायचाय", मला हॉलवेत भेटले की "मग, रिटायरमेंटचा काय प्लॅन, नातवंडांबरोबर वेळ घालवायचा असेल ना". मला नातवंडं नाहीत हो. मुलगा अजून पीएचडी संपवतोय. ऑगस्टमध्ये माझे वरच्या वर्गाचे दोन सेक्शन काढून घेतले आणि तिशीतल्या दोघांना दिले, मी गप्प बसले. मग ऑक्टोबरात न राहवून एचआरला ईमेल केली. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये स्प्रिंगचं टाइमटेबल आलं त्यात मला सकाळी आठची लॅब आणि शनिवारी दुसऱ्या कॅम्पसवर, घरापासून पन्नास मिनिटं. आणि १२ डिसेंबरला पत्र, ३० जूननंतर काँट्रॅक्ट रिन्यू होणार नाही, कारण बजेट.

आता गेल्या आठवड्यात एक सेपरेशन अ‍ॅग्रीमेंट दिलंय, सहा आठवड्यांचा पगार घ्या आणि सगळे क्लेम सोडून द्या, दहा दिवसांत सही करा. हे (म्हणजे आमचे हे) म्हणतात सही कर आणि मोकळी हो, आयुष्यभर कुणाशी भांडली नाहीस आता कशाला. मला भांडायचंय असंही नाही, पण सतरा वर्षांनंतर असं दारातून बाहेर काढल्यासारखं... रात्री झोप लागत नाही. हे एज डिस्क्रिमिनेशन होतं का? आणि तक्रार केली म्हणून काढलं असेल तर ते वेगळं काही असतं का? कुणी अशातून गेलंय का इथे?

चहाबिस्कीट:

काकू, स्पष्टच बोलतो राग मानू नका. युनिव्हर्सिटीकडे पगारी वकिलांची फौज असते, तुमच्याकडे काय आहे, हॉलवेतली दोन वाक्यं. पैसे घ्या, सांगलीला जा, आंबे खा.

रसायनवाली:

काकू म्हणालात, म्हणजे वय इथेच सिद्ध झालं 🙂

पार्सिपनीकर:

ताई, पहिली गोष्ट, सही करू नका. आज नाही, उद्या नाही, वकिलाने वाचेपर्यंत नाही. मी एका कॉलेजच्या एचआरमध्ये आठ वर्षं काढलीत, तुमच्यासारख्यांच्या विरुद्ध बाजूच्या टेबलावर, म्हणून सांगतो.

चाळिशीच्या पुढच्या माणसाकडून फेडरल (केंद्र सरकारच्या) एज कायद्याखालचे हक्क सोडवून घ्यायचे असतील तर १९९० पासून नियम आहे की कागद वाचायला किमान २१ दिवस द्यावे लागतात, एकाच वेळी दोन किंवा जास्त जणांना काढत असतील तर ४५ दिवस, आणि सही केल्यावरही ७ दिवसांत मागे घेता येते. शिवाय कागदात लिहावं लागतं की वकिलाचा सल्ला घ्या. तुम्हाला दहा दिवस दिलेत याचा अर्थ एक तर कुणीतरी जुना फॉर्म डकवलाय किंवा तुम्ही विचारणार नाही असं धरलंय. पण यात एक मेख आहे, हा नियम फक्त त्या फेडरल एज क्लेमपुरता. न्यू जर्सीच्या कायद्याखालचे हक्क मात्र त्याच सहीने जाऊ शकतात. आणि तुमच्या केसमध्ये नेमके तेच जास्त महत्त्वाचे आहेत, का ते खाली कुणीतरी लिहीलच, मला आता मीटिंग आहे.

हां आणि चहाबिस्कीट, वकिलांची फौज असते हे खरं, पण त्या फौजेला ज्युरीची भीती असते हेही मी डोळ्यांनी बघितलंय.

मिडवेस्टची वहिनी:

मी लिहिते, कारण आम्ही हे पोळून शिकलोय.

माझे मिस्टर पण स्टेट युनिव्हर्सिटीत होते (आमचं राज्य सांगत नाही), ५८ व्या वर्षी असंच. आम्ही ओळखीतला एक वकील पकडला, तो बिचारा कामगारांच्या भरपाईच्या केसेस करणारा, त्याने फेडरल एज कायद्याखाली, म्हणजे १९६७ चा तो एडीईए, त्याखाली दावा लावला. युनिव्हर्सिटीच्या वकिलाने एकच कागद टाकला आणि तो दावा बाहेर. का तर २००० साली सुप्रीम कोर्टाने किमेल विरुद्ध फ्लोरिडा बोर्ड ऑफ रीजंट्स या केसमध्ये ठरवलंय की राज्य सरकारच्या संस्थांवर एखादी व्यक्ती या कायद्याखाली पैशाची भरपाई मागू शकत नाही, राज्यांना ते घटनेचं संरक्षण आहे. पाच विरुद्ध चार निकाल. आणि गंमत म्हणजे ती केस लढणारे लोक कोण होते, फ्लोरिडातले आणि अलाबामातले युनिव्हर्सिटीचेच प्राध्यापक आणि लायब्ररीतली माणसं! म्हणजे आपल्याच लोकांनी लढून आपल्याच लोकांसाठी तो दरवाजा बंद झाला. प्रायव्हेट युनिव्हर्सिटी असती तर हा प्रश्न आला नसता.

म्हणून ताई वकील शोधताना पहिला प्रश्न हाच विचारा की माझी युनिव्हर्सिटी स्टेटची आहे, मग तुम्ही कुठल्या कायद्याखाली जाणार. तो "एडीईए" म्हणून थांबला तर नमस्कार करून उठा. आमची दोन वर्षं आणि बरेच डॉलर त्यात गेले. मिस्टर आता कम्युनिटी कॉलेजात दोन क्लास घेतात, बरे आहेत, पण त्या विषयावर घरात कुणी बोलत नाही.

कोर्टाची पायरी:

वहिनींनी बरोबर सांगितलं. मी न्यू जर्सीत एम्प्लॉयमेंटच्या केसेस करणाऱ्या फर्ममध्ये पॅरालीगल (वकिलांची मदतनीस) आहे, वकील नाही, त्यामुळे हा सल्ला नाही, गप्पा समजा.

न्यू जर्सीचा स्वतःचा लॉ अगेन्स्ट डिस्क्रिमिनेशन आहे, सगळे एलएडी म्हणतात. तो स्टेटच्या संस्थांना पण लागू, त्यात मनस्तापाची भरपाई मागता येते (फेडरल एज कायद्यात ती नाहीच), आणि जिंकलात तर तुमच्या वकिलाची फी समोरच्याकडून मिळते, म्हणून चांगले वकील अशा केसेस आधी पैसे न घेता पण घेतात. तुम्हाला आश्चर्य वाटेल पण २०२१ पर्यंत याच कायद्यात सत्तरीच्या पुढच्या माणसाला नोकरी नाकारायची मोकळीक होती, आणि टेन्युअरवाल्या प्राध्यापकांना कॉलेजं सत्तरीला सक्तीने घरी बसवू शकतील असं कलम पण तसंच लिहिलेलं होतं. फेडरल कायद्याने ते प्राध्यापकांसाठी १९९३ च्या शेवटीच संपवलं होतं. आमच्या राज्याने २०२१ मध्ये दोन्ही काढून टाकलं. असो, तुम्ही ६१ च्या, तुमचा त्याच्याशी संबंध नाही, मला सांगायला आवडतं एवढंच.

आता तारखा, कृपा करून हे नीट वाचा. तुमचं मन म्हणत असेल की ३० जूनपर्यंत तर मी नोकरीवर आहे, मग बघू. नाही! १९८० ची एक केस आहे, डेलावेअर स्टेट कॉलेज विरुद्ध रिक्स. रिक्स हे लायबेरियातून आलेले प्राध्यापक, त्यांना टेन्युअर नाकारलं आणि शेवटचं एक वर्षाचं काँट्रॅक्ट दिलं, ते संपत होतं ३० जून १९७५ ला. योगायोग बघा, तुमचीच तारीख. त्यांनी हिशोब नोकरीच्या शेवटच्या दिवसापासून धरला. सुप्रीम कोर्ट म्हणालं नाही, निर्णय कळला त्या दिवसापासून घड्याळ चालू, आणि तुम्ही आत ग्रीव्हन्स (संस्थेतल्या संस्थेत तक्रार) लढत होता म्हणून ते घड्याळ थांबत नाही. भेदभाव झाला की नाही हे बघायची वेळच आली नाही, केस उशिरा म्हणून बाद.

तर तुमचं पत्र १२ डिसेंबरचं. राज्याच्या सिव्हिल राइट्स डिव्हिजनकडे १८० दिवस, म्हणजे साधारण १० जून. तुमच्या शेवटच्या दिवसाच्या आधीच! फेडरल ईईओसीकडे (नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी घेणारी केंद्राची संस्था) इथे ३०० दिवस, म्हणजे साधारण ८ ऑक्टोबर. डिव्हिजनकडे न जाता थेट सुपीरियर कोर्टात जायचं तर एलएडीखाली दोन वर्षं. राज्याची कोर्टं कधी कधी वेगळं मोजतात पण त्यावर विसंबू नका, पत्रापासूनच मोजा. आणि ऑगस्टमध्ये सेक्शन काढले त्याचं घड्याळ वेगळं, ते आधीच चालू झालंय.

आता तुमचा दुसरा प्रश्न, तक्रार केली म्हणून काढलं तर वेगळं का. हो, पूर्ण वेगळं, त्याला रिटॅलिएशन म्हणतात, आणि खरं सांगू का, आमच्या ऑफिसात जे लोक येतात त्यांचा पहिला क्लेम बऱ्याचदा लंगडा असतो आणि हा दुसरा धडधाकट असतो. वयाबद्दल चेअरच्या मनात काय होतं हे सिद्ध करणं म्हणजे धुक्याला गाठ मारणं. पण तक्रार अमुक तारखेला, शिक्षा तमुक तारखेला, हे कागदावर दिसतं. नोकरीवरून काढलंच पाहिजे असंही नाही, २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की ज्या गोष्टीने एखादा सर्वसाधारण माणूस तक्रार करायला कचरेल ती शिक्षाच. शनिवारची लॅब त्यात बसू शकते. आणि मूळ भेदभाव सिद्ध झाला नाही तरी हा क्लेम उभा राहू शकतो, तुम्ही मनापासून आणि सकारण तसं समजून तक्रार केली एवढं पुरतं.

पण (हा पण मोठा आहे) दोन प्रश्नांची उत्तरं द्या. एक, ऑक्टोबरच्या ईमेलमध्ये "वय" हा शब्द आहे का? नुसतं "माझ्यावर अन्याय होतोय" असेल तर ती कायद्याच्या दृष्टीने तक्रारच नाही, कुरकुर आहे. दोन, बजेटची चर्चा तुमच्या ईमेलच्या आधी चालू होती का? ते आधीच ठरलं होतं असं त्यांनी दाखवलं तर तारखा जवळ आहेत एवढ्यावर भागत नाही, २००१ मध्ये नेवाडातल्या एका शाळा डिस्ट्रिक्टच्या केसमध्ये असंच झालं.

साताऱ्याचे सर:

ताई, वाचून वाईट वाटलं. मी इकडे अनुदानित कॉलेजातून साठीला निवृत्त झालो, हार नारळ शाल घेऊन, आणि ते सगळ्यांनाच तसं असल्यामुळे कुणाला त्यात भेदभाव दिसत नाही. आपल्या घटनेच्या सोळाव्या कलमात धर्म, जात, लिंग, जन्मस्थान वगैरे आहे, वय नाहीच. आणि तासिका तत्त्वावरची आमची मुलं, सीएचबीवाली, पंचेचाळिशीला आली तरी दर जूनला नव्याने मुलाखत, त्यांनी कुणाकडे तक्रार करायची आणि कसली, पुढच्या वर्षी बोलावणंच येत नाही, संपलं. रिटॅलिएशन हा शब्द नाही आमच्याकडे, पण गोष्ट रोज घडते. तुमच्याकडे निदान कायदा आहे. एवढंच विचारायचं होतं की युनियन नाही का?

रसायनवाली:

सगळ्यांचे आभार, डोळे भरून आले खरंच. सर, युनियन आहे, ग्रीव्हन्स जानेवारीत टाकलीय, मला वाटलं ती चालू आहे तोवर बाकी सगळं थांबेल, बरं झालं विचारलं.

कोर्टाची पायरी, तुमचा पहिला प्रश्न वाचून पोटात खड्डा पडला. ऑक्टोबरची ईमेल आत्ता काढून वाचली. दीड पानाची आहे आणि सुरुवातच "तुम्हाला त्रास दिल्याबद्दल क्षमस्व" अशी. पुढे सेक्शन काढले, मला विश्वासात घेतलं नाही, सतरा वर्षांची सेवा, फेअर वाटत नाही. वय हा शब्द कुठेच नाही. आपल्याला शिकवलेलंच असं असतं हो, वरिष्ठाबद्दल लिहायचं म्हणजे सगळं गोल गोल, नाव घ्यायचं नाही, आरोप करायचा नाही. मी तर शेवटी चेअर खूप मेहनती आहेत असंही लिहिलंय!

बजेटचं म्हणाल तर डीनची सगळ्यांना आलेली ईमेल सप्टेंबरमधली आहे, की लेक्चररच्या दोन जागा कमी कराव्या लागतील. म्हणजे माझ्या तक्रारीच्या आधीच. मग संपलंच म्हणायचं का.

पार्सिपनीकर:

मीटिंग संपली. ताई, दोन जागा जाणार होत्या हे सप्टेंबरात ठरलं, कुणाच्या जाणार हे कधी ठरलं? एकूण लेक्चरर किती, त्यातले कोण राहिले, कोण गेले? एचआरमध्ये आम्हाला पहिल्यांदा तोच तक्ता करायला लावायचे, नाव, वय, किती वर्षं, इव्हॅल्युएशन, आणि तो तक्ता बघूनच वकिलाचा चेहरा समजायचा.

रसायनवाली:

पाच होतो. मी आणि ५८ वर्षांच्या एक बाई गेलो. राहिलेले तिघे चाळिशीच्या आतले, त्यातला एक दोन वर्षांपूर्वी आला. स्टुडंट इव्हॅल्युएशन माझी आणि त्या बाईंची पहिल्यापासून चांगली आहेत.

आणि हो, हे लिहायचं राहिलं, याचा संबंध आहे की नाही माहीत नाही, फेब्रुवारीत युनिव्हर्सिटीच्या साइटवर एक जाहिरात दिसली, व्हिजिटिंग लेक्चरर, ऑरगॅनिक केमिस्ट्री, ऑगस्टपासून. मला वाटलं दुसऱ्या कॅम्पसची असेल पण नाही, आमच्याच डिपार्टमेंटची आहे.

कोर्टाची पायरी:

अहो ताई!!! "लिहायचं राहिलं"?? हे तर पहिल्या ओळीत पाहिजे होतं. बजेट नाही म्हणून काढलं आणि त्याच विषयाची, त्याच डिपार्टमेंटची जाहिरात. समोरच्याने जे कारण दिलं ते खरं कारण नाही, बहाणा आहे, हे दाखवणं हाच अशा केसचा अर्धा भाग असतो. आत्ताच्या आत्ता त्या पानाचा तारखेसकट स्क्रीनशॉट काढा, प्रिंट काढा, उद्या ते गायब होईल.

बाकी कागदांचं सांगते. तुमच्या स्वतःच्या ईमेल, टाइमटेबल, पत्रं हे जपा, पण युनिव्हर्सिटीच्या ईमेलमधलं सगळं उचलून जीमेलला पाठवू नका, त्यात मुलांचे मार्क वगैरे असतात आणि मग तेच तुमच्यावर उलटवतात. स्टेट युनिव्हर्सिटी आहे म्हणून ओप्राखाली (टीव्हीवाली नाही, ओपन पब्लिक रेकॉर्ड्स अ‍ॅक्ट) काही कागद मागता येतात, ते वकील ठरवेल. चेअरबरोबर पुढे बोलणं झालं तर न्यू जर्सीत तुम्ही स्वतः त्या बोलण्यात असाल तर रेकॉर्ड करणं कायद्याला चालतं, मात्र पेनसिल्व्हेनियात सगळ्यांची परवानगी लागते, समोरचा तिथून झूमवर असेल तर भानगड नको. युनिव्हर्सिटीची पॉलिसी पण बघा. त्यापेक्षा त्याच रात्री तारीख घालून वहीत लिहिणं बरं, मराठीत लिहिलं तरी चालतं, आमच्याकडे एकांची अख्खी डायरी गुजरातीत होती.

आणि एक शोधा. ऑक्टोबरच्या ईमेलनंतर एचआरशी काही बोलणं झालं असेल ना, मीटिंग, फोन, काहीतरी? तक्रार लेखीच असली पाहिजे असं नाही, आणि ती एकाच ईमेलमध्ये असली पाहिजे असंही नाही.

मिडवेस्टची वहिनी:

अजून एक, चेअर तुमच्या अ‍ॅक्सेंटवरून किंवा "तुमच्या देशात" वगैरे काही बोललाय का? ते वेगळ्या कायद्याखाली येतं, टायटल सेव्हन (वंश, धर्म, मूळ देश वगैरेंवरून होणाऱ्या भेदभावाचा फेडरल कायदा), आणि त्यात स्टेट युनिव्हर्सिटीला ते घटनेचं कवच नाही. आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं. नसेल तर नाही, उगाच ओढूनताणून आणू नका, खऱ्या गोष्टीचं पण वजन जातं त्याने.

चहाबिस्कीट:

आंब्याचं मागे घेतो. जाहिरातीचं वाचून माझंच डोकं फिरलं.

रसायनवाली:

अ‍ॅक्सेंटबद्दल काही नाही, तेवढा शहाणा आहे तो.

एचआरच्या बाईंनी ऑक्टोबरच्या शेवटी फोनवर पंधरा मिनिटं बोलून घेतलं होतं, मला त्यातलं "आम्ही लक्ष घालू" एवढंच आठवत होतं. पण आत्ता शोधलं तर त्यानंतर ३ नोव्हेंबरला मी त्यांना आभाराची ईमेल पाठवलीय (हो, आभाराची, हसू नका). आणि तिच्या शेवटी एक ओळ आहे. मला आठवतंय, हे माझ्या मागे उभे होते आणि म्हणत होते ती ओळ काढ, वाईट दिसतं, मी काढणार होते आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली म्हणून तशीच पाठवली. ओळ अशी आहे, मराठीत सांगते, की मला राहून राहून वाटतं हे माझ्या वयामुळे होतंय, चेअर माझ्या रिटायरमेंटबद्दल सारखं विचारतात आणि तरुण चेहरा हवा असं सगळ्यांसमोर म्हणाले, कृपया हे बघाल का.

स्प्रिंगचं टाइमटेबल ११ नोव्हेंबरला आलं.

कोर्टाची पायरी:

३ ला ईमेल, ११ ला टाइमटेबल, १२ डिसेंबरला पत्र. ताई ती ईमेल प्रिंट करून त्या कुकरशेजारी लावा. चेअरला ती कळली होती का हा पुढचा प्रश्न, कळलीच नसेल तर सूड कसला, असं ते म्हणणारच. पण ते आता वकिलाच्या हातात. मी मेसेज केलाय, स्टेट युनिव्हर्सिटीच्या केसेस केलेल्या वकिलांना कसं शोधायचं आणि पहिल्या भेटीला काय न्यायचं ते त्यात आहे. अ‍ॅग्रीमेंटबद्दल तोवर एचआरला एकच ओळ, "वकिलाचा सल्ला घेत आहे, वेळ लागेल". क्षमस्व लिहू नका!

रसायनवाली:

लिहिली. एकच ओळ. तीनदा क्षमस्व टाइप केलं आणि तीनदा खोडलं.

मंगळवारी एका वकीलबाईंची वेळ मिळालीय, फोनवर पहिला प्रश्न वहिनींचाच विचारला, त्या हसल्या आणि "एलएडी" म्हणाल्या. हे पण येतो म्हणालेत बरोबर. काय होतं ते लिहीन. आता झोपते, उद्या शनिवार, सातला निघायचंय, लॅबमध्ये बावीस मुलं आहेत आणि उद्या डिस्टिलेशन आहे, उशीर करून चालत नाही.